साग लावा, पण एकटा लावू नका



गेल्या भाद्रपदातली गोष्ट. आपले एक जुने सभासद सकाळीच गट ऑफिसवर आले. हातात सागाचे पान होते. पान कसले, नुसती जाळीच. शिरा तेवढ्या शिल्लक, मधला हिरवा गर सगळा गेलेला. त्यांनी वरच्या माळावर, जिथे उसाला पाणी पोचत नाही तिथे, दीड एकर साग लावलेला आहे. त्याला आता सातवे वर्ष चालू आहे. म्हणाले, "साहेब, सगळा प्लॉट तांबडा पडलाय. लांबनं बघितलं तर जाळ लावल्यागत दिसतंय. कुठलं औषध मारू सांगा."

औषधाचे बोलणे झाल्यावर त्यांनी दुसरी गोष्ट काढली. त्या माळाच्या कडेला करंजाची सात-आठ झाडे आहेत, दोन जांभळी आहेत आणि थोडा बांबू आहे. ही सगळी अडगळ तोडून तिथेही साग बसवावा, म्हणजे दोन एकर भरतील, असा त्यांचा विचार होता. मी म्हणालो, "आण्णा, औषध मारू नका आणि करंज तोडू नका." हे उत्तर त्यांना पटले नाही, हे चेहऱ्यावर दिसले. उभ्या उभ्या पटण्यासारखे ते नव्हतेच. गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात माळरानावर साग, महोगनी, मिलिया डुबिया असे एकाच झाडाचे प्लॉट बरेच उभे राहिले आहेत. त्यात सभासदांचा पैसा आणि पंधरा-वीस वर्षांची उमेद अडकलेली आहे. तेव्हा हे उत्तर जरा सविस्तर लिहावे असे ठरविले.

सागावरच्या दोन अळ्या

सागाची पाने खाणाऱ्या मुख्य अळ्या दोन. पहिलीचे शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. ही पावसाळ्याच्या तोंडाला, कोवळी पालवी फुटते तेव्हा येते आणि जाड शिरा सोडून सगळे पान फस्त करते. हिला आपण पानखाऊ म्हणू. दुसरी युटेक्टोना मॅकेरॅलिस. ही पावसाळा सरत आला की जून पानांवर येते आणि शिरांच्या मधला गर खाऊन पानाची जाळी करते. हिला जाळीवाली म्हणू. आण्णांच्या हातातले पान जाळीवालीचे होते.

जाळीवालीने प्लॉट भेसूर दिसतो, पण नुकसान त्या मानाने कमी. पानाने आपले वर्षाचे बरेचसे काम उरकलेले असते आणि पुढे थोड्या महिन्यांत ते गळणारच असते. पंचवीस-तीस फूट उंच झाडावर पाठीवरच्या पंपाने औषध पोचतही नाही. जे वारा नेईल ते आपल्याच विहिरीवर, गोठ्यावर आणि शेजारच्या उसातल्या मित्रकिडींवर पडेल. म्हणून मी नको म्हणालो.

पानखाऊचे मात्र तसे नाही. केरळात नीलांबूर येथे सागाची जगातली सर्वांत जुनी लागवड आहे. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली याने चातू मेनन यांच्याकरवी ती सुरू केली. त्याच नीलांबूरला केरळ वन संशोधन संस्थेच्या डॉ. के. एस. एस. नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण सागाच्या लागवडीत पाच वर्षे मोजमाप केले. काही झाडे अळीपासून राखली, काही तशीच सोडली. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, पानखाऊमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाली. झाड मरत नाही, म्हणून मालकाला हे नुकसान दिसत नाही. मरायच्या ऐवजी ते नवी पालवी काढण्यात वर्ष घालवते. शिवाय शेंडा खाल्ला गेला तर बुंधा सरळ न जाता दोन फांद्या फुटतात आणि लाकडाचा दर पडतो.

कर्नाळ्याचे रान

आता तुम्हांला जरा घाटाखाली पनवेलला नेतो. दोन वर्षांपूर्वी काही सभासदांबरोबर कोकणातून परत येत होतो. गोव्याच्या रस्त्याने येताना पनवेलच्या अलीकडे साधारण बारा किलोमीटरवर कर्नाळा लागते. वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला आणि खाली पक्षी अभयारण्य. हे अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले. तेव्हा ते सुमारे साडेचार चौरस किलोमीटर होते, पुढे ते वाढून बारा चौरस किलोमीटरच्या वर गेले.

आम्ही चहासाठी थांबलो होतो, पण माझे लक्ष रानाकडे गेले. महिना आश्विनाचा. त्या रानात साग आहे, पण सगळा साग नाही. सागाशेजारी ऐन, पलीकडे कोशिंब, मध्येच आंबा, उंबर, पांगारा, खाली करवंदीच्या जाळ्या आणि वेली. सागाच्या काही झाडांवर जाळीवालीची खूण स्पष्ट दिसत होती. एखादे झाड पुरते तांबडे, तर तीन झाडे सोडून उभा असलेला दुसरा साग बराचसा हिरवा. ऐनाला, कोशिंबाला तर त्या अळीने तोंडही लावलेले नव्हते. पुढे रस्त्याच्या कडेला ओळीने लावलेला निव्वळ साग लागला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा तांबडा होता. बरोबरचे एक सभासद म्हणाले, "ह्यो आपल्या माळावानी दिसतोय." नेमके बोलले.

एका दुपारच्या बघण्यावरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळते. पण पनवेलच्याच दुसऱ्या अंगाला, खाडीकडे, याचा आणखी एक दाखला आहे.

खाडीतले तिवर

पनवेलची खाडी पुढे ठाण्याच्या खाडीच्या मुखाकडे जाते. या सगळ्या किनाऱ्याला खारफुटीचे रान आहे आणि त्यात मोठा भरणा एकाच झाडाचा, तिवराचा. आपल्या माळावर सागाला छळणारी जी पानखाऊ, तीच जात खाडीत तिवरावर पोसते. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळा सरताना या अळीची धाड वारंवार नोंदली गेली आहे. मैलभर हिरवी असलेली तिवरे काही दिवसांत करपल्यासारखी होतात. लोकांना वाटते, कुणी विष टाकले. आणि त्याच चिखलात उभी असलेली कांदळ, चिप्पी ही दुसऱ्या जातीची झाडे मात्र हिरवी राहतात.

थोड्या आठवड्यांनी तिवराला पुन्हा पालवी फुटते. तिथे कुणी फवारणी करीत नाही, करूही नये, कारण खाली मासळी आहे. पण शिकण्यासारखे हे की, जिथे किडीच्या आवडीचे एकच झाड सलग उभे आहे तिथे ती सलग खाते. मधेच न आवडणारे झाड आले की तिचा घास तुटतो.

असे का होते?

याची कारणे तीन, आणि ती उसाच्या शेतकऱ्याला समजायला अवघड नाहीत.

पहिले कारण शोधण्याचे. पतंगाची मादी अंडी घालायला झाड शोधते ती मुख्यतः वासावर. सलग सागाच्या प्लॉटमध्ये एकच वास चोहोकडे भरलेला असतो. तिला कष्टच नाहीत. मिश्र रानात दहा झाडांचे दहा वास एकमेकांत मिसळतात, आणि उंच झाडाआड सागाचा शेंडा लपतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद नावाचा प्रदेश आहे. तिथे पाइनची सलग प्रचंड लागवड असून एक सुरवंट तिला त्रास देतो. तिथल्या संशोधकांना असे आढळले की, पाइनच्या कडेला रुंद पानांच्या झाडांचे कुंपण असले तर त्यामागच्या पाइनवर सुरवंटांची घरटी कमी होतात. आपले आण्णा करंज तोडायला निघाले होते, ते करंज म्हणजे असेच कुंपण.

दुसरे कारण पसरण्याचे. एका झाडाची पाने संपली की अळी रेशमाच्या धाग्याने लोंबकळते, वाऱ्याने शेजारच्या झाडावर जाते. शेजारी साग असेल तर जेवण चालू राहते. शेजारी करंज असेल तर ती उपाशी मरते, नाहीतर वाटेत पक्षी गाठतो.

तिसरे कारण शत्रूंचे. आपण खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतो. त्यातली बारीक माशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. असल्या मित्रमाश्या रानातही पुष्कळ आहेत. पण सागावर अळी असते वर्षातले काही महिने. बाकीचे महिने या माश्यांनी काय खायचे? करंजाला, जांभळाला, करवंदीला फुले येतात, त्यांवर दुसऱ्या निरुपद्रवी अळ्या असतात, त्यावर माश्यांचा प्रपंच चालतो. कोतवाल, साळुंकी हे पक्षीही बसायला आणि घरटे करायला वेगवेगळी झाडे मागतात. सलग सागात शत्रूला घर नाही, म्हणून कीड आल्यावर तो उशिरा पोचतो.

जगभरच्या अशा ११९ अभ्यासांचा एकत्र हिशेब हर्वे जाक्तेल आणि एकार्ड ब्रोकरहॉफ या दोघांनी २००७ साली मांडला. एकाच जातीच्या रानापेक्षा मिश्र रानात किडीचे नुकसान कमी, असा त्याचा एकूण निकाल आहे. पण त्यातल्या बारकाव्यांत आपल्या उपयोगाचे जास्त आहे. एक म्हणजे, ठरावीक झाडेच खाणाऱ्या किडीला मिश्रणाचा अडसर जवळजवळ नेहमी होतो. सगळेच खाणाऱ्या किडीला होतोच असे नाही. दुसरे, मिसळलेले झाड किडीच्या आवडत्या झाडाच्या भावकीतले नसावे. तिसरे, झाडांच्या जाती किती याहून त्या कोणत्या आणि त्यांचे प्रमाण किती याला महत्त्व जास्त.

मिश्रण म्हणजे जादू नव्हे

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मिश्र रानात कीड येतच नाही, असे नाही. पानखाऊ नैसर्गिक रानातल्या सागावरही येते, हे नायर यांनीच लिहून ठेवले आहे. पतंगांचा थवा मोठा असला की दोन-चार करंज त्याला थोपवू शकत नाहीत.

आणि रान नैसर्गिक असले म्हणजे ते मिश्र असतेच असेही नाही. मध्य प्रदेशात मंडला भागात सालाचे रान नैसर्गिकच आहे, पण ते बहुतांशी एकट्या सालाचे. तिथे १९२३ ते १९२८ या काळात खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली आणि लाखो झाडे गेली. १९९७-९८ च्या सुमारास पुन्हा तसेच झाले. लोकांनी ताज्या तोडलेल्या सालाचे ओंडके ठेचून ठेवायचे, रसाच्या वासाने भुंगेरे जमायचे, ते वेचून मारायचे आणि वेचणाऱ्याला नगावर पैसे मिळायचे. आपल्याकडे हुमणीचे भुंगेरे किलोवर घेतात तशातला हा प्रकार.

हुमणीचे नाव निघाले आहे तर ऐका. तिथे मिश्रणाचा हिशेब उलटा पडू शकतो. हुमणीची अळी उसाच्या मुळ्या खाते, पण तिचा भुंगेरा वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघून बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतो, पाला खातो, मग खाली उसात अंडी घालतो. म्हणजे उसाच्या बांधावर नुसती झाडे असून भागत नाही, कुठले झाड आहे ते बघावे लागते. मी कडुनिंब तोडा असे म्हणत नाही. तो एक-दोन ठेवा आणि त्याचाच सापळा करा. वळवानंतर रोज अंधार पडताच फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. शेजारच्या चार जणांनी मिळून केले तरच त्याचा उपयोग.

सुबाभूळ आठवते का?

जुन्या सभासदांना सुबाभूळ आठवत असेल. १९७० व ८० च्या दशकांत उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या संस्थेने चाऱ्यासाठी, जळणासाठी सुबाभूळ गावोगाव नेली. झाड गुणाचे, त्यात शंका नाही. देशभर तिची सलग लागवड झाली. मग १९८८ साली परदेशातून एक बारीक रस शोषणारी कीड भारतात आली. मूळची ती मध्य अमेरिकेची, म्हणजे सुबाभळीच्याच माहेरची. हवाई बेटे, फिलिपीन्स, इंडोनेशिया असा प्रवास करीत ती आपल्याकडे पोचली आणि शेंडे करपू लागले. तिच्यावर उतारा म्हणून त्याच वर्षी थायलंडहून निळसर काळ्या रंगाचा ढालकिडा आणून सोडला. ज्याच्याकडे नुसती सुबाभूळ होती त्याचा चारा बसला. ज्याच्याकडे सुबाभळीबरोबर शेवरी, हादगा, अंजन होते त्याच्या गोठ्याचे अडले नाही. कीड आली तरी सगळे एकदम जात नाही, हाही मिश्रणाचाच फायदा आहे.

उसातही आपण हे भोगले आहे. २००२ साली सांगली जिल्ह्यात पांढरा लोकरी मावा दिसला आणि बघता बघता कृष्णाकाठ पांढरा झाला. तो सगळ्याच जातींवर गेला, हे खरे. पण सलग ऊस, त्यात लागणीला लागून खोडवा, खोडव्याला लागून आडसाली, मग माव्याला वर्षभर थांबायचे कारणच राहिले नाही. फवारण्यांनी खिसा रिकामा झाला. शेवटी त्याला आवरले ते डिफा, मायक्रोमस आणि एन्कार्शिया या मित्रकिडींनी. ज्यांनी पाचट जाळले नाही आणि औषधाचा मारा आवरला, त्यांच्या रानात मित्रकिडी टिकल्या. माळावरच्या झाडीचे गणित याहून वेगळे नाही.

मग करायचे काय?

माळावर झाडे लावू इच्छिणाऱ्या सभासदांना माझ्या अनुभवाप्रमाणे पुढील गोष्टी सुचवितो.

१. प्लॉटमध्ये साग निम्म्याहून जास्त नको. दोन ओळी साग, मग दोन ओळी दुसरी झाडे, असा क्रम ठेवला तर मशागतीला आणि पुढे तोडणीला सोपे जाते.

२. सोबतीला करंज, आवळा, चिंच, जांभूळ, बांबू यांतले घ्या. आवळा-चिंचेचे उत्पन्न सागाच्या आधी सुरू होते. निर्गुडीवर पानखाऊ पोसते, तेव्हा सागाच्या प्लॉटला निर्गुडीचे कुंपण करू नका. शिवणही सागाच्याच भावकीतली, तीही या प्लॉटमध्ये नको.

३. कडेला आहेत ती जुनी झाडे तोडू नका. लावलेल्या रोपाला त्यांच्याएवढे व्हायला पंधरा वर्षे लागतील.

४. झाडे माळावर, ओढ्याकाठी, पड जमिनीत लावा. उसाच्या सरीवर सावली पडेल अशी लावू नका, टनेज बसते.

५. सागाची पहिली पाच-सहा वर्षे जपायची. पावसाच्या सुरुवातीला पालवी फुटताच आठवड्याला एकदा प्लॉटमधून फेरी मारा. पानाची कड दुमडलेली दिसली तर आत अळी बसलेली असते. लहान झाडांवरची पाने हाताने तोडून अळीसकट नष्ट करा. साथ लहान तुकड्यात सुरू होऊन मग पसरते, म्हणून सुरुवातीच्या फेरीला किंमत आहे. पानखाऊला मारणारा एक विषाणूही निसर्गात आहे आणि केरळच्या त्याच संस्थेने त्याची फवारणी करून पाहिली आहे. मेलेल्या, मऊ पडून लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या तर रोगराई किडीलाच लागली आहे असे समजा आणि औषध मारू नका.

६. सात-बारावर झाडांची नोंद करून घ्या. नाहीतर तोडणीच्या परवानगीला वीस वर्षांनी हेलपाटे पडतील.

महोगनीविषयी वेगळे सांगतो, कारण सध्या तिचे वेड जास्त आहे. एकरी अमुक कोटी असे सांगत रोपे विकणारे गावोगाव फिरतात. महोगनीचा शेंडा पोखरणारी अळी आपल्या देशात आहे. इथल्या तून झाडावर ती पूर्वीपासूनच जगते. शेंडा गेला की झाडाला फांद्या फुटतात आणि सरळ बुंधा मिळत नाही. महोगनीच्या मूळच्या देशांतही, म्हणजे अमेरिकेच्या उष्ण भागात, तिच्या सलग लागवडी याच जातकुळीच्या किडीने फसल्या आहेत. लावायचीच असेल तर थोडी लावा, दुसऱ्या झाडांच्या आडोशाला लावा, तूनीजवळ लावू नका. ऊसबिलाचे पैसे आल्या आल्या एजंटाच्या हातात देऊ नका.

आण्णांकडे दिवाळीनंतर मी मुद्दाम जाऊन आलो. करंज अजून उभे आहेत. सागाची पाने गळून गेली होती आणि माळ नेहमीसारखा दिसत होता. "औषध मारलं न्हाई, पण करंजाचं अजून पक्कं न्हाई हां," असे त्यांनी बजावले. मी म्हटले, येत्या मृगात पालवी फुटली की आपण दोघे मिळून मोजू. करंजाच्या लगतच्या पहिल्या दोन ओळींतली वीस झाडे आणि प्लॉटच्या मधली वीस झाडे, कुठे किती पाने खाल्ली ते वहीत लिहू. हे त्यांना पटले. ज्या सभासदांकडे असे प्लॉट आहेत त्यांनीही मोजावे आणि आकडे गट ऑफिसला आणून द्यावेत. यंदा नवीन लागवड करणाऱ्यांनी रोपांचे पैसे भरण्यापूर्वी एकदा भेटून जावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी